एक्कावन्नाव्या पानावरचा त्रिकोण

नव्या लेखकाला मी पन्नास पानं देतो. तेवढ्यात त्यानं मला धरून ठेवलं, तर एक्कावन्नाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक त्रिकोण काढतो आणि पुढं वाचतो. नाही धरलं, तर पुस्तक परत. त्रिकोणाचा उपयोग एवढाच की तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी येत नाही. नंदनवन वस्तीतल्या आमच्या वाचनालयात अशी खूण करणारा मी एकटा नाही. कुणी सतराव्या पानावर चांदणी काढतं, कुणी पानाच्या आकड्याभोवती गोल. 'पुस्तकात काहीही लिहू नये' अशी पाटी भिंतीवर आहे. तिच्याखाली बसून आम्ही सगळे लिहीत असतो.

पस्तीस वर्षं मी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका सापडल्या की पगार मिळायचा. बातम्या बहुतेक सत्कारांच्या, उद्घाटनांच्या आणि श्रद्धांजल्यांच्या. कधीही भरून न निघणारी पोकळी मी आठवड्यातून चारदा तपासली, आणि ती दर वेळी त्याच कॉलमात भरून निघाली. निवृत्त झाल्यावर मी अद्भुतकथा आणि विज्ञानकथांकडे वळलो ते यामुळंच. तिथं लेखक निदान पहिल्या पानावरच कबूल करतो की हे घडलेलं नाही.

बायकोला हे पटलेलं नव्हतं. "म्हातारपणी भूतंखेतं अन् राकेटं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ती स्वतः फक्त पेपरातलं राशिभविष्य वाचते, असा माझा समज होता.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी वाचनालयाचे कार्यवाह घरी आले. वार्षिक कार्यक्रमात मी 'अद्भुत आणि विज्ञान साहित्यातील नव्या वाटा' या विषयावर वीस मिनिटं बोलावं, आणि त्याच वेळी मला उत्कृष्ट वाचक म्हणून शाल द्यावी, असं ठरलं होतं. निमंत्रणपत्रिकेचा मसुदा तपासायला त्यांनी माझ्याकडंच दिला. त्यावर अकरा जणांची 'प्रमुख उपस्थिती' होती. नव्या वाटांवरच्या एकाही लेखकाचं नाव नव्हतं. ती नावं भाषणात यावीत, असं कार्यवाह म्हणाले. म्हणून मी नवे लेखक शोधायला लागलो. मलपृष्ठावरच्या मजकुरावर माझा विश्वास नाही, पुरस्कारांवर तर त्याहून नाही. मी फक्त कपाटातून कधी न ऐकलेल्या नावांची पुस्तकं काढत गेलो; नावच नवं, म्हणून आधी खूण बघायची गरज वाटली नाही.

पहिलं पुस्तक एका तरुण लेखिकेचं, तिचं पहिलंच. एका गावात दर अमावास्येनंतर मोजणीत एक घर जास्त भरतं, आणि ते कोणी बांधलं हे कुणाला आठवत नाही, अशी गोष्ट. कूलरसमोर बसून मी वाचत होतो. फार दिवसांनी कोणीतरी मला धरून ठेवलं होतं. वाक्यं छोटी, भीती हळूहळू चढणारी, कुठं पाल्हाळ नाही. पन्नास पानं कधी झाली कळलं नाही. खिशातली पेन्सिल काढली, पान उलटलं.

खालच्या कोपऱ्यात त्रिकोण होता.

आधी मला वाटलं, मीच आत्ता काढला असेल. मग पेन्सिलीकडं पाहिलं. तिला नुकतंच टोक केलं होतं आणि ते तसंच तीक्ष्ण होतं. पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर तारखेचा एकच शिक्का होता, माझ्या आजच्या शिक्क्याच्या आधीचा. म्हणजे माझ्या आधी एकदाच हे पुस्तक बाहेर गेलं होतं, आणि ज्यानं नेलं त्यानं एक्कावन्नाव्या पानावर त्रिकोण काढला होता. कूलरच्या गार वाऱ्यात मला घाम फुटला.

याचं कारण माझे वडील. ते भिवापूरला शिक्षक होते आणि त्यांचं पाठांतर तालुक्यात प्रसिद्ध होतं. शेवटची तीन वर्षं ते आमच्याकडं होते. सकाळी खुर्चीत बसून ते एकच पुस्तक उघडायचे, तेच पान, आणि थोड्या वेळानं मला हाक मारायचे. "काय लिहून राहिला गा हा! वाच तू. नवीनच दिसते कोणी." चेहऱ्यावर खरा आनंद असायचा. लेखक त्यांच्या कॉलेजातल्या दिवसांपासूनचा आवडता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा नवीन असायचा. पाहुणे म्हणायचे, या वयातही वाचतात हो! मी चहा आणायला आत जायचो.

म्हणून त्या दुपारी मी पुस्तक मिटलं, आणि माझ्याच मनात आलेलं वाक्य मला पुन्हा ऐकू आलं. फार दिवसांनी कोणीतरी नवीन चांगलं लिहितंय, असं ते वाक्य होतं.

मी कुणाला काही बोललो नाही. एक योगायोग म्हणून सोडून द्यावं असं ठरवलं आणि दुसरं पुस्तक आणलं. हे कानडीतून आलेलं भाषांतर. नदीकाठी जुनी मोडकी यंत्रं दुरुस्त करणारी एक विधवा, आणि तिच्याकडं आलेलं एक यंत्र जे दुरुस्त व्हायला नकार देतं. आधी एक्कावन्नावं पान उघडून बघायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. तसं बघणं म्हणजे मी घाबरलो हे कबूल करणं झालं असतं. एकेक पान मी विहिरीत उतरावं तसा उतरलो. गोष्ट फार सुंदर होती आणि मला तिचं एक वाक्यही ओळखीचं वाटत नव्हतं.

त्रिकोण होता.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो आणि शक्य तितक्या सहज आवाजात ग्रंथपाल बाईंना विचारलं, "हे आधी कोणी नेलं होतं हो? आवडीनिवडी जुळताहेत, म्हणून म्हटलं."

त्यांनी संगणकात पाहिलं आणि हसल्या. "काय काका, गंमत करून राहिले का? तुमच्याच नावावर आहे. मागच्याच महिन्यात नेलं होतं न."

"हो का."

"म्हणून तर तुमचा सत्कार आहे. एवढं वाचता की आठवतही नाही!"

मागं बसलेले दोघे-तिघे कौतुकानं हसले. मीही हसलो. उत्कृष्ट वाचकाला ते करावंच लागतं.

पुढचे पंधरा दिवस मी स्वतःची परीक्षा घेत काढले. गल्लीतल्या सगळ्या घरांची आडनावं क्रमानं म्हणायची. परवाची भाजी आठवायची. ती आठवली नाही. तेरवाची आठवली, पण ती परवाची असण्याचाही संभव होता. बायकोला विचारावं तर तिला संशय येईल. फोनवर मी विसरण्याबद्दल एकदाच काहीतरी शोधलं, तर त्या दिवसापासून फोन मला दर तासाला स्मरणशक्तीची चूर्णं दाखवायला लागला. मी विसरलो तरी तो विसरणार नव्हता.

सगळ्यात वाईट वाटायचं ते वाचताना. चांगलं वाक्य आलं की पूर्वी सुख व्हायचं, आता छातीत धस्स व्हायचं. हे मी पहिल्यांदाच वाचतोय की विसाव्यांदा? जितकं नवं वाटेल तितकी भीती जास्त. कंटाळवाणा लेखक लागला की उलट बरं वाटायचं.

तरी भाषणासाठी तिसरं पुस्तक आणलं. पातळसंच. पृथ्वीपासून फार लांब एका निकामी झालेल्या ठाण्यावर एकटा राहिलेला पहारेकरी, एक हिशेबी यंत्र आणि एक मांजर. त्याला सुटका करणारं यान येणार आहे की येऊन गेलं, हेच आठवत नाही. हे पुस्तक मी दोन बैठकींत संपवलं. एक्कावन्नाव्या पानाशी आलो तेव्हा डोळे मिटून ते उलटलं, आणि मग उघडले.

होता.

शेवटच्या पानापर्यंत वाचून मी उठलो आणि गच्चीवर गेलो. बायको जुन्या साडीवर वाळवणाच्या मुंगवड्या घालत होती. सकाळचंच ऊन, पण फरशीला चटका बसायला लागला होता.

"मी कार्यवाहांना फोन करतो," मी म्हटलं. "भाषण नाही जमणार. शालही नको."

"काहून?" तिनं वर पाहिलं नाही. "शालीचं ऊन लागते का तुमाले?"

"मला काही आठवत नाही आजकाल."

"ते तर लग्नापासूनच आहे."

"थट्टा नाही. बाबांसारखं होतंय मला."

तिचा हात थांबला. मग मी सगळं सांगितलं. पुस्तकं, त्रिकोण, संगणकातलं माझं नाव. मी बोलत गेलो तसा तिचा चेहरा आधी काळजीचा झाला, मग गोंधळलेला, आणि शेवटी चोरी पकडली गेल्यासारखा.

"अजी," ती म्हणाली, "ते मी वाचलं."

"काय?"

"ते घराचं अन् त्या नदीवालीचं. भाजी घेऊन येता येता आणते मी कधी कधी. तुम्ही दुपारी झोपता तवा वाचते. लय चांगलं लिहिते ती पोरगी. मले तर दोन दिवस घराबाहेर पाहाची भीती वाटे."

"आणि त्रिकोण?"

"मंग? वाचून झालं तर खूण नाही कराची?"

"अगं, ती माझी खूण आहे!"

"तुमची काहून? घराची आहे." पिठानं भरलेला हात तिनं बाजूच्या स्टीलच्या पातेल्याकडं केला. त्याच्या काठावर, घरातल्या प्रत्येक भांड्यावर असतं तसं, आमचं आडनाव कोरलेलं होतं. "याच्यावर काय तुमचं येगळं अन् माझं येगळं नाव टाकलं का कोणी? एका घरातून वाचून झालं, की एक खूण. कार्ड एकच आहे न?"

मला हसू आलं आणि ते थांबेना. पंधरा दिवस मी वेडा होत होतो, आणि इकडं एवढी वर्षं राकेटांची टिंगल करणारी बाई माझ्या झोपेत दोन नवे लेखक शोधून बसली होती, तेही माझ्या आधी. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तुम्ही मोहल्लाभर सांगत फिरले असते, पाहा आता हेही वाचून राहिली म्हणून."

हे खरं होतं. मी खाली आलो, तिन्ही पुस्तकं घेऊन पुन्हा वर गेलो आणि उन्हात ती शेजारी शेजारी उघडून ठेवली. सवय जात नाही. छापलेलं असो की काढलेलं, नजर आपोआप चूक शोधते. पहिल्या दोन पुस्तकांतले त्रिकोण रांगोळीसारखे नीट मिटलेले होते. तिसऱ्यातल्या त्रिकोणाचा उजवा कोपरा उघडा होता. मी कधीच तो कोपरा जोडत नाही. घाईत पेन्सिल आधीच उचलतो.

"हेपण तूच वाचलंस?" मी विचारलं.

तिनं ते पुस्तक हातात घेतलं नाही, हात भरलेले होते. वाकून पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हो न. तेपण मीच."

मी पस्तीस वर्षं लोकांच्या छापील शब्दावर विश्वास ठेवला नाही. तेव्हाही नाही ठेवला. "शेवटी त्या बाईचं काय होतं गं? मला नीट कळलं नाही."

"येते न ती परत. घरी येते."

"हो," मी म्हटलं. "बरोबर."

त्या पुस्तकात बाई नाही. माणूस, यंत्र आणि मांजर. मी पुस्तक मिटलं. ती पुन्हा मुंगवड्या घालायला लागली, एकसारख्या, ओळीत, आणि आम्ही दोघंही बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिलो.

कार्यवाहांना मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरांकडं नंबर लावला आणि तिला सांगितलं, चष्म्याच्या नंबरासाठी जातोय. मी चपला घालेपर्यंत ती बाहेर जायची साडी नेसून, खांद्याला पिशवी लावून दारात उभी होती.

दवाखान्यात गर्दी होती. भिंतीवर डॉक्टरांचे सत्कार स्वीकारतानाचे फोटो, प्रत्येक फोटोत एक शाल. एरवी त्यांच्यावर मी तासभर बोललो असतो. आता दार वाजलं की मी हातातली नंबराची चिठ्ठी पुन्हा पाहत होतो. आतून बाहेर येणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे मी बघत नव्हतो, त्यांना धरून आणणाऱ्यांचे बघत होतो.

बायकोनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचायला लागली, सगळ्यांदेखत. ते तिसरं पुस्तक होतं. ती पहिल्या पानापासून वाचत होती. मी समोरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो. आमच्या आधीचे सात नंबर गेले. पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

"अजी," ती हळू आवाजात म्हणाली. "यात तर बाईच नाही."

"नाही."

तिनं हात पुढं केला. "पेन्सिल द्या."

मी खिशातून काढून दिली. एक्कावन्नावं पान उघडं होतं. उघड्या कोपऱ्याच्या त्या त्रिकोणात, बरोबर मध्ये, तिनं कुंकवाएवढा एक ठिपका दिला.

"हा माझा," ती म्हणाली. "आता गोंधळ नाही व्हाचा."

आतून आमचा नंबर पुकारला. तिनं पुस्तक मिटलं, पण बोट पानातच ठेवलं, आणि दुसऱ्या हातानं माझा दंड धरला.