उलटा शर्ट आणि कथेवरचं माझं नाव

चोपड्याच्या स्टँडवर एसटी सुरू झाली तरी आबा खिडकीतून पिशवी आत कोंबतच होते. माय खालून ओरडत होती, "लिखाले मुंबई कसाले पाहिजे? घरमा टेबल शे ना!" आणि आबांचं एकच, "सही कराना पहिले बठ्ठं वाची लेजो." मी नुसतं हो हो, सगळं वाचूनच सही करेन. एकवीसची होते, डोक्यात फक्त सिनेमा!

गंमत म्हणजे सही करायची वेळच आली नाही. मी चूक वेगळीच केली. ऐका, गावाकडच्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारखं बॅग उचलून आलेल्यांनो, तुम्ही तर नक्कीच ऐका.

आपल्याकडे गोष्ट कशी सांगतात? ओट्यावर बसायचं, येईल त्याला सांगायची, हातवारे करून, शेवटासकट. मी एका निर्मात्याच्या ऑफिसात तेच केलं! केळीच्या बागेतला बाप, त्याची लेक, सगळं सांगून टाकलं. "छान आहे, कळवतो," म्हणाले. मग सावकाश पटकथा लिहिली आणि आमच्या लेखक संघटनेत नोंदवली. काही महिन्यांनी कळलं, त्यांच्या लेखकाने तीच गोष्ट माझ्या आठ दिवस आधी नोंदवलीय. त्याच्या नावावर.

दोन दिवस जेवले नाही. मग म्हटलं, बस झालं. माझं नाव लागल्याशिवाय हा सिनेमा येऊ द्यायचा नाही. संघटनेच्या तक्रार समितीकडे अर्ज टाकला. समिती म्हणजे कोण? आपल्यासारखेच लेखक, स्वतःचे एपिसोड बाजूला ठेवून आलेले. त्यांनी दोन्ही पटकथा पानागणिक वाचल्या, माझ्या मीटिंगचे मेसेज तपासले आणि आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं.

त्यातल्या एका ज्येष्ठ ताईंनी त्या लेखकाला विचारलं, "दोन्ही पटकथांतला बाप केळी कापताना शर्ट उलटा का घालतो?"

"गरिबी दाखवायला," तो म्हणाला.

मला हसूच फुटलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. "तू सांग गं."

"केळीच्या चिकाचे डाग काळे पडतात, मरेपर्यंत जात नाहीत. उलट्या बाजूला पडले की शर्ट सुलटा करून गावात जाता येतं. आमच्याकडे सगळे जुनाट कपडे घालतात, ही आयडिया फक्त माझ्या आबांची."

ताई म्हणाल्या, "हे तू आधी नोंदवायचं होतंस, वेडे." पण निर्णय माझ्या बाजूने लागला. 'कथा' म्हणून पडद्यावर माझं एकटीचं नाव. एकटीने भांडले असते तर त्या ऑफिसच्या वॉचमननेसुद्धा आत सोडलं नसतं, खरं सांगते.

आता मी ओळसुद्धा नोंदवल्याशिवाय कुणाला ऐकवत नाही. पहिल्यांदा लिहिणाऱ्या पोरी विचारतात, त्यांना आधी मेंबर करते, मग चहा पाजते. इथे राहायचं तर असंच राहायचं, आणि मी राहणारच आहे.

परवा चोपड्याला गेले. माय शेजारच्या अक्कांना माझीच गोष्ट सांगत होती, स्वतःची म्हणून, वर दोन सीन जास्तीचे घालून. मी दारातच थांबले, टोकलं नाही. नव्या गोष्टीचा कागद बॅगेत होता, अजून कुठेच न नोंदवलेला. चपला काढल्या, दोघींच्या मध्ये जाऊन बसले आणि ती नवी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकली.