मी कॉलेजात कायले जाऊ?

मला विचार करायची सवय लागली ती बारावीनंतर. त्याआधी आमचं घर सुरळीत चाललं होतं.

झालं असं, की नेरच्या शाळेत बारावी पास झालेल्यांच्या सत्काराला पाहुणे म्हणून आलेले एक प्राध्यापक म्हणाले, "मुलांनो, कुणी सांगितलं म्हणून कॉलेजात जाऊ नका. आपलं कारण तपासा!" बाकीची पोरं तेवढ्या वेळात चिवडा तपासत होती. (तीच पुढे सुखी झाली.) मी मात्र घरी येताच बाबांना ओसरीवर गाठलं.

"बाबा, मी कॉलेजात कायले जाऊ?"

"नोकरीसाठी."

"शेजारचा गजूभाऊ बीए झाला. काय करून राह्यला?"

"पानठेला चालवते," बाबा कबूल झाले.

आई चुलीपासून ओरडली, "अरे, शिकल्या पोराले पोरगी भेटते!"

"बाबा तं चौथी शिकले. मंग तू कशी भेटली?"

"मले कोणं इचारलं होतं!"

यवतमाळहून काका-काकू आले होते. काका ऑफिसातला माणूस. ते म्हणाले, "शिकल्यानं शब्दाले वजन येते."

"तुम्ही बीकॉम ना, काका? घरी तुमचं कोण ऐकते?"

काकांनी काकूंकडे पाहिलं आणि चहा उचलला.

मला चेवच चढला! मी एकेक कारण आडवं करत सुटलो. शेवटी बाबा म्हणाले, "बरोबर बोलून राह्यला बाप्पा. पटलं मले. नको जाऊ."

घ्या! अहो, मला वाद जिंकायचा होता, बाबांना पटवायचं नव्हतं! यवतमाळचं कॉलेज माझ्या स्वप्नात यायचं. वर्गातले सगळे तिकडेच निघालेले. आता कोणत्या तोंडानं सांगू?

दुसऱ्या दिवशी बाबांनी डवरा माझ्या हाती दिला. बैलांमागे चालायचं, दोन ओळींमधलं गवत काढायचं, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, धक्का लावायचा नाही. ती वर्षं कापसाच्या हालाची. भाव पडलेले, त्यात पावसानं दडी मारलेली, आणि आमची पऱ्हाटी दुबार पेरणीतून कशीबशी वर आलेली. बाबा तिला पोरापेक्षा जपत. (पोराकडे बघता ते योग्यच होतं.)

बैल चालत होते आणि मी कॉलेजात जायचं नवं कारण शोधत होतो. डवरा ओळीत कधी शिरला, कळलंच नाही. गवत आणि पऱ्हाटी असा कसलाही भेदभाव न करता मी दोन्ही साफ करत पार शेताच्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत पोचलो. तिथे शिदोरी घेऊन आलेली आई किंचाळली, "अजी, धावा! पोट्ट्यानं पऱ्हाटी खरडली!"

बाबा धावत आले आणि मटकन खाली बसले. एक रोपटं उचलून त्यांनी पुन्हा मातीत खोचून पाहिलं. ते आडवं पडलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला रडूच आलं.

"उद्याच्या यष्टीनं यवतमाळले जाय," ते म्हणाले. "कॉलेजात नाव टाक."

"काहून?" (कारण विचारायची मेली सवय!)

"काहून? मांगं वळून पाय!"

मी वळून पाहिलं. त्या टोकापासून या टोकापर्यंत नुसती काळीभोर माती! कॉलेजात जायचं इतकं बिनतोड कारण साऱ्या तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.