घरातल्या शब्दांवरचं टिंब

एलिझाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे नीळकंठराव वर्तकांना रोज दुपारी आडवं झाल्यावरच आठवतं. आजही डोळे जडावतात आणि पत्र छातीवर उलटं पडतं.

तिचे वडील बावतीस तुस्कानो आणि नीळकंठराव वसईच्या एकाच शाळेत मास्तर. दोघांनी मिळून एक भाषा रचली होती. रोमन खलाशी सोपाऱ्याच्या बंदरात कायमचे राहिले असते, तर त्यांची नातवंडं जी बोलली असती ती, शूर्पारी. लिहायची देवनागरीत. आता बावतीस नाही, आणि एलिझाला कोश छापायचाय. शुद्धलेखन मात्र ठरलेलं नाही. लॅटिनमधला झडून गेलेला शेवटचा 'म' बावतीस टिंबानं दाखवायचा. 'कासां', म्हणजे घर. नीळकंठराव उच्चाराप्रमाणे 'कासा' लिहायचे. एकाची रीत छापली की दुसऱ्याची कायमची पुसली जाणार. निवडणारे आपण कोण, इथंच त्यांचं घोडं अडतं.

"सरक जरा," बावतीस म्हणतो.

खाटेच्या जागी केळीच्या वाडीतला पाट आहे. बावतीस पाण्यात पाय सोडून बसलाय.

"तुझं टिंब ठेवतो, बावतीस. तू गेलास, तुझा मान."

"आता मान देतोस? जिवंत होतो तेव्हा माशीची घाण म्हणायचास टिंबाला."

"म्हणायचो."

"मग आताही म्हण की. पोरीचं पत्र नीट वाचलंस?"

पाट वळतो तो थेट वर्गातल्या फळ्यापाशी. फळ्यावर एलिझाचं अक्षर. पत्राच्या शेवटी तिनं शूर्पारीत लिहिलेल्या ओळी. त्यांत 'कासां' टिंबासकट, आणि 'आरेना', म्हणजे वाळू, बिनटिंबाची. नीळकंठराव सवयीनं खडू उचलतात.

"हात खाली," बावतीस म्हणतो. "घरातले शब्द ती माझ्याकडून शिकली. किनाऱ्यावर कोण न्यायचं तिला?"

"मी."

"मग? नियम आपण केले, नीळू. बोलली ती."

"पण एकाला टिंब, एकाला नाही. मेळ कुठाय?"

"तुझ्या मराठीत आहे?"

नीळकंठराव हसतात आणि खडू खाली ठेवतात.

जाग येते तेव्हा उन्हं खिडकीत आलेली असतात. उत्तरासाठी उशाजवळ ठेवलेल्या कोऱ्या पोस्टकार्डावर आता त्यांच्याच, जरा कललेल्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'कासां. आरेना. तू लिहितेस तसंच छाप.' कधी लिहिलं ते आठवत नाही. पुन्हा वाचतात, दुरुस्त करावं असं काही सापडत नाही. ते पत्ता घालतात, पायांत चपला सरकवतात आणि नाक्यावरच्या पेटीत कार्ड टाकून देतात.