डाव्या मागच्या चाकाचा आकडा

बायकोच्या शिकाऊ परवान्याची मुदत शुक्रवारी संपत होती आणि पक्क्या परवान्याची चाचणी गुरुवारी सकाळी होती. मंगळवारी संध्याकाळी गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा पुन्हा लागला. गाडीचं छोटं चित्र आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेषा. चाकं घसरायला लागली की त्यांना आवरणारी जी व्यवस्था असते, ट्रॅक्शन कंट्रोल, ती बंद पडल्याची ही खूण. शेजारी एबीएसचाही दिवा होताच. असे दिवे लागलेली गाडी चाचणीला घेत नाहीत, असं तिच्या शाळेतल्या एका बाईंनी तिला सांगितलं होतं. आणि तिने मला आधीच बजावलं होतं, "ही मुदत गेली तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार नाही. मालगुंडला एसटीनेच जाईन." तिची नुकतीच तिकडच्या शाळेत बदली झाली होती.

माझी वही तयार होती. महिनाभरात दिवा कुठे लागला, किती वेगाला लागला, रस्ता ओला की सुका, अशा अकरा नोंदी. अकराही वेळा गाडी ती चालवत होती. त्यावरून मी ठरवलं होतं की ती क्लच एकदम सोडते, चाक जागच्या जागी फिरतं आणि दिवा लागतो. तेच मी तिला चौथ्यांदा समजावून सांगत होतो.

"महिनाभर या गाडीला माझ्याशिवाय हात कोणी लावलाय?" ती म्हणाली. "तुम्ही तर स्कूटरवर फिरता."

मी वही पुन्हा वरून खाली वाचली.

"आता तुम्ही चालवा," ती म्हणाली. "वही इकडे द्या."

नाचणे गावाच्या रस्त्याला लागलो. ती शेजारी पेन उघडून बसली होती. मी क्लच इतका सावकाश सोडत होतो की मांडीवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. काटा तिसाच्या पुढे गेला आणि दिवा लागला. तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "नोंद बारा. चालक नवरा. क्लच उत्तम."

खरं तर मी ओशाळायला हवं होतं. पण मला आनंदच झाला. दोष यंत्रात होता, आणि यंत्रातला दोष शोधता येतो. हातात एक दिवस होता.

सर्व्हिस सेंटरने पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. तेव्हा बुधवारी दोघांनीही रजा टाकली आणि मिरकरवाड्याकडच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथले मिस्त्री बरीच वर्षं जहाजावर इंजिनरूममध्ये काम करून परत आलेले. त्यांनी स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर जोडली आणि पडदा माझ्यापुढे धरला.

"डाव्या मागच्या चाकाचा सेन्सर. चाक किती वेगात फिरतंय ते तो कळवतो. नवा मागवायचा तर चार दिवस."

"हिची उद्या चाचणी आहे."

"मग तो मेलाय की नुसता पेंगतोय ते बघू. वहिनी चालवतील, तुम्ही आकडे वाचा. तुमचं काम तेच दिसतंय," ते माझ्या हातातली वही बघत म्हणाले.

सरळ रस्त्यावर ती चालवत होती, मिस्त्री मागे बसले होते, मी मांडीवर स्कॅनर घेऊन चारही चाकांचे वेग वाचत होतो. "वीस, वीस, वीस, वीस." मग, "तीस, तीस, तीस, एकवीस." आणि चाळिसाला चौथ्या चाकाने थेट शून्य दाखवलं. दिवा लागला.

"मेला असता तर पहिल्यापासून शून्य असता," मिस्त्री म्हणाले. "पेंगतोय."

परत येऊन त्यांनी चाक काढलं, एक बोल्ट सोडला आणि सेन्सर हलवत हलवत बाहेर ओढला. त्याच्या टोकाला काळी दाढी आल्यासारखं काही चिकटलं होतं.

"गंज?" मी विचारलं.

त्यांनी ते बोटांत चोळलं. "गंज लाल असतो. ही काळी वाळू. समुद्रावर नेता काय गाडी?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. समुद्राची कल्पना माझी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. असा हिशोब करून चार रविवार मी तिला काळ्या समुद्राच्या, म्हणजे आमच्याकडच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्याच्या, टणक ओल्या वाळूवर गाडी शिकवली होती, कारण तिथे धडकायला काही नाही. त्या वाळूत लोहचुंबक फिरवला की काळे कण त्याला लोंबकळतात, हे रत्नागिरीतल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. मीसुद्धा असले कण कंपासपेटीत साठवले होते. पण सेन्सरच्या टोकात लोहचुंबक असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"वहिनींचा यात कायच दोष नाय," मिस्त्री म्हणाले. "हे सगळं तुमच्या डोक्यातून आलेलं."

"लिहून घ्या," ती मला म्हणाली.

त्यांनी टोक पुसलं, हवेचा फवारा मारून आतली, सेन्सर जिचे दाते मोजतो ती दातेरी चकती झाडली. चाक ज्यावर बसतं ती थाळी हाताने फिरवत मी दाते मोजले. अठ्ठेचाळीस, आणि सगळे स्वच्छ. सेन्सर बसवला, चाक लावलं, स्कॅनरने गाडीतली बिघाडाची जुनी नोंद पुसली आणि पुन्हा रस्त्यावर आलो. "वीस, वीस, वीस, वीस. तीस, तीस, तीस, तीस." चाळिसाला चौथा आकडाही चाळीस आला तेव्हा माझा आवाज चढला.

"हळू वाचा ओ," मागून मिस्त्री म्हणाले. "रिक्षावाले बघतायत." बायको हसली आणि तिने गाडी पन्नासावर नेली. दिवा लागला नाही.

गुरुवारी मी चाचणीच्या मैदानाबाहेर कुंपणापाशी उभा होतो. तिथून डॅशबोर्ड दिसणं शक्य नव्हतं, तेव्हा चारही चाकांचे आकडे मी मनातल्या मनात म्हणत होतो. तिने गाडी मागे घेतली, चढावर थांबवली, मागे न घसरता पुढे काढली. निरीक्षकांनी खिडकीतून आत वाकून काहीतरी विचारलं. बराच वेळ बोलणं चाललं होतं. मग ती किल्ली हातात घेऊन चालत आली.

"दिव्याचं विचारलं?"

"नाही. ते कुंपणाजवळ बोटं मोजत उभे आहेत ते गृहस्थ कोण, असं विचारलं."

"मग?"

"म्हटलं, आमचेच. पास केलं त्यांनी."