नव्या यंत्रावरचं कुंकू
ऑइल पेंटचा वास आला की टेंभुर्णीच्या आमच्या ओसरीतली ती दुपार आठवते. बायकांच्या धंद्यासाठीच्या सरकारी योजनेत आईला मिरची कांडायचं यंत्र मंजूर झालं होतं. अर्ज भरून देणारा दलाल ते टेम्पोतून घेऊन आला. सोबत पाटी होती, तिच्यावर आईचं नाव अजून ओलं होतं. हळदीकुंकवाचं ताट घेऊन आई यंत्रापाशी वाकली आणि तशीच थबकली. कोऱ्या पत्र्यावर कुंकवाची चार-पाच बोटं आधीच उमटलेली होती, घाईनं पुसलेली, एकावर एक. "हे कोनी लावलं हो भाऊ?" "कंपनीतच पूजा करतात, ताई. जल्दी करा, तपासणीचे साहेब येऊन राह्यले." आईनं त्यावरच आपलं बोट टेकवलं. साहेबांनी फोटो काढला, सही घेतली. त्यांची गाडी वळताच दलालानं यंत्र पुन्हा टेम्पोत चढवलं. "फिटिंग करून उद्या आणतो," म्हणाला. टेम्पो मागच्याच गल्लीत थांबला. तिथं दारात एक बाई ताट घेऊन उभी होती. यंत्र काही परत आलं नाही, पाटी तेवढी राहिली. आता असे फोटो तपासायची नोकरी मीच करते. काल एका फोटोत कोऱ्या यंत्रावर कुंकवाचा लाल थरच दिसला. मी पेन खाली ठेवलं, तर मागून आमचे ऑफिसातले साहेब म्हणाले, "जल्दी करा, मॅडम."