‘फोडून द्यावे’: कळमेश्वर, काटोल आणि माझा एक शब्द

रविवार, २१ सप्टेंबर

मार्चनंतर इथे काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल माफी. उन्हाळ्यात ऊन होतं, पावसाळ्यात पाऊस होता, आणि मधल्या दिवसांत मला दुसरी कारणं सापडत गेली. मार्चच्या लेखाखाली ‘दर महिन्याला नागपूरजवळची एक सहल’ असं मीच छातीठोकपणे लिहून ठेवलंय. काल ते वाक्य काढणार होते. मग वाटलं, राहू दे, तेवढीच शिक्षा.

या वेळी निघण्यामागे सहलीपेक्षा हौस जास्त होती, आणि हौस स्वतःचीच. मी पोटासाठी लोकांची माहितीपत्रकं मराठीत लिहून देते. मिक्सर, गिझर, गुडघ्याचे पट्टे, काहीही. कॉलेजातला माझा वर्गमित्र नीलेश कळमेश्वरच्या एमआयडीसीत युरियाच्या दाण्यांवर लेप चढवण्याचा छोटा कारखाना चालवतो. त्याच्या पोत्याबरोबर द्यायचं पत्रक मे महिन्यात मी लिहिलं. परवा त्याचा फोन आला. काटोलच्या पलीकडे सुमनताई म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात सहा ओळींना हे खत दिलंय, जाऊन फोटो काढून आण, तुझ्या ब्लॉगचंही काम होईल. ताईंनी सासऱ्यांशी वाद घालून त्या सहा ओळी मिळवल्यात, हेही त्याने सांगितलं. सासऱ्यांची अट अशी की, दसऱ्यापर्यंत फरक दिसला तर पुढच्या वर्षी सगळ्या बगीच्याचं खत सून ठरवेल. नाही दिसला तर या विषयावर घरात पुन्हा बोलणं नाही.

हिरवागार बगीचा, फांद्यांवर संत्री, आणि त्या सगळ्यामागे कुठेतरी माझं गद्य. शनिवारी सकाळी निघाले.

नागपुरात गणेशपेठेच्या स्टँडवरून काटोलची लाल गाडी सहज मिळते. कळमेश्वरला उतरायचं असेल तर चढण्याआधी विचारून घ्या, सगळ्या गाड्या गावात जात नाहीत. बायकांना अर्धं तिकीट आहे. डावीकडे बसा, सकाळचं ऊन उजवीकडून येतं. मी उजवीकडे बसले होते. कंडक्टरपुढे पाचशेची नोट धरली, तेव्हा त्याने ती नोट न घेता माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, नोट फोडायले गाडीत बसल्या का?”

मागच्या सीटवरची बाई हसली. मी पर्स उलटीपालटी करून चिल्लर काढली आणि मनात म्हटलं, बघ, ‘फोडणे’ हा कसा जिवंत शब्द आहे. पुस्तकी माणूस म्हणाला असता सुटे पैसे. माझ्या या कौतुकाचं दुपारी काय झालं ते पुढे येईलच.

कळमेश्वरला स्टँडसमोर तर्री पोहे खाल्ले. तर्री, म्हणजे चण्याचा तिखट रस्सा, वेगळी मागा, नाहीतर ते ओततात आणि मग तुमचा दिवस ती ठरवते. तिथून एमआयडीसीपर्यंत ऑटो मिळतो, घासाघीस करावी लागते, मला जमत नाही.

नीलेशचा कारखाना म्हणजे एक पत्र्याचं शेड, आत मोठा फिरता ड्रम आणि वितळलेल्या मेणासारखा वास. मिठाईवाले शेंगदाण्यावर साखर चढवतात ना, तसंच, तो म्हणाला. ड्रममध्ये युरियाचे दाणे घरंगळत राहतात, त्यांच्यावर पातळ लेपाचा फवारा बसतो, गरम हवेने तो वाळतो, पुन्हा फवारा. साधा युरिया पावसात दिवसभरात विरघळतो, अर्धा झाड खातं आणि अर्धा नाल्याला जातो. लेपाच्या आतला हळूहळू झिरपतो, झाडाला भूक लागेल तसा. म्हणून खत कमी लागतं आणि जास्त दिवस पुरतं. कडुनिंबाचं तेल लावलेला युरिया तर सगळीकडेच मिळतो, पण याचा लेप जाड आणि याची चाल वेगळी. त्याने एका ग्लासात साधे दाणे टाकले, दुसऱ्यात लेपाचे. आमचा चहा होईपर्यंत पहिला ग्लास रिकामा दिसायला लागला. दुसऱ्यात फिकट पिवळे दाणे होते तसेच बसून होते.

निघताना त्याने एका बाटलीत मूठभर दाणे दिले. “दाणा फुटला का खेळ खतम,” तो म्हणाला. “तुझं पत्रक मस्त झालं होतं बरं का. एकदम गावातली भाषा.”

मी विनयाने हसले. विनय मला चांगला जमतो, विशेषतः चुकीच्या ठिकाणी.

कळमेश्वर ते काटोल रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्येच संत्र्याच्या काळसर हिरव्या ओळी. काटोलच्या फळबाजारात अजून गर्दी नव्हती, संत्री हिरवी आहेत, व्यापारी बाकड्यांवर बसून आंबिया बहाराची, म्हणजे थंडीअखेर फुलून दिवाळीच्या सुमारास उतरणाऱ्या फळांची, गळ यंदा किती यावर बोलत होते. गळ म्हणजे तयार होण्याआधी फळ गळून पडणं, या दिवसांत बगीचेवाल्यांना झोप न लागण्याचं कारण. तिथून सुमनताईंच्या गावापर्यंत काळीपिवळी जीप मिळते. ती भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही.

बगीच्याच्या तोंडाशी पोचले तेव्हा आधी आवाज आला. धप, धप, धप. बांधाच्या आत ताडपत्री पसरलेली, तिच्यावर फिकट पिवळे दाणे, आणि पदर खोचून बसलेल्या एक बाई दगडी वरवंट्याने ते ठेचत होत्या. माझ्याच वयाच्या, कपाळाला पांढरी धूळ लागलेली. याच सुमनताई. मी नाव सांगितलं, नीलेशने पाठवलं म्हणून सांगितलं. त्यांनी हात न थांबवता मला शेजारच्या पोत्यावर बसायला सांगितलं.

मी विचारलं, हे काय चाललंय?

“खत फोडून राहिली न वं ताई. दुसरा हप्ता टाकाचा हाये आज. लई चिवट दाना हाये हा, पहिल्या डावाले त हाताले फोड आले.”

पण फोडता कशासाठी, मी विचारलं.

त्यांनी वरवंटा ठेवला, हात पुसले आणि ब्लाउजमधून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद काढला. माझं पत्रक. चौथ्या ओळीखाली निळ्या पेनने रेघ. बाई बारावी शिकलेल्या, त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं: “खत दोन हप्त्यांत फोडून द्यावे.”

आता हे कसं झालं ते लिहिते. नीलेशच्या मजकुराप्रमाणे मी आधी ‘दोन हप्त्यांत विभागून द्यावे’ असंच लिहिलं होतं. मग छापायला देण्याआधी तो शब्द मला खुपला. ‘विभागून’ला कचेरीचा वास येतो, शेतकरी असं बोलतो का? मी, जिच्या घरी तुळशीखेरीज काही उगवत नाही, मी ठरवलं की शेतकरी कसा बोलतो. नोट फोडतात तशी खताची मात्रा फोडायची. ‘विभागून’ खोडलं, ‘फोडून’ लिहिलं, आणि स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी दुसरं काही कामच केलं नाही.

आणि सुमनताईंच्या घरी काय चालतं? युरियाचं पोतं पावसाळ्यात दगडासारखं गोळा होतं. ते आधी काठीने फोडायचं, मग द्यायचं. सासऱ्यांनी केलं, त्यांच्या वडिलांनी केलं. ‘खत फोडून देणे’ याचा या बांधावर दुसरा अर्थच नाही. कागदावर लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी ढेकूळ नसतानाही दाणा न् दाणा फोडला.

त्यांनी मला त्या सहा ओळी दाखवल्या. दाखवायची गरज नव्हती. बाकीच्या बगीच्यात पानं गडद, या ओळींत फिकट, शिरा उठून दिसणाऱ्या. झाडाखाली लिंबाएवढी संत्री पडलेली. साहजिक आहे, लेपाचं म्हणून मात्रा कमी दिलेली, लेप फोडलेला, जुलैच्या पावसात सगळं वाहून गेलेलं. सहा ओळी दोन महिने उपाशी होत्या.

सासरे आले, मामाजी म्हणतात त्यांना. पांढरं धोतर, हातात फांद्या छाटायची कात्री. त्यांनी मला पाहिलं, कागद पाहिला, पडलेलं एक संत्रं उचलून सुनेच्या ताडपत्रीवर ठेवलं.

सुमनताईच म्हणाल्या, “माह्यंच काई चुकलं असन, मामाजी. मले खत जमलं नाई.”

इथे मी खरं लिहिणार आहे, कारण हा ब्लॉग नाहीतर कशाला. मी लगेच बोलले नाही. ताई चहा आणायला गेल्या, चहा आला, मी कपभर चहा पिईपर्यंत गप्प बसले. त्या वेळात माझ्या डोक्यात तीन विचार येऊन गेले. नीलेशचं नाव खराब होईल. तशीही दसऱ्याला दोन आठवडे राहिलेत, आता कोण काय करणार. आणि तिसरा, सर्वांत खरा: पत्रकावर माझं नाव छापलेलं नाही.

कप रिकामा झाला आणि त्याच्याआड तोंड लपवायला जागा उरली नाही. मी ताईंकडून दोन ग्लास पाणी मागितलं. एकात नीलेशच्या बाटलीतले अख्खे दाणे टाकले, दुसऱ्यात ताडपत्रीवरची भुकटी. भुकटी हलवायच्या आत विरघळली. दाणे तळाशी बसून राहिले. मग सांगितलं की खत चांगलं आहे, ताईंनी कागदावर होतं तेच केलं, आणि कागद मी लिहिलाय. फोडून म्हणजे दोनदा थोडं थोडं, असं मला म्हणायचं होतं.

मामाजींनी दाण्यांचा ग्लास उचलून उजेडात धरला.

“मंग थोडं थोडं काहून नाई लिवलं?”

मी ताईंच्या हातातल्या कागदावरची चौथी ओळ पुन्हा वाचली.

“शिकेल बाईनं लिवलं, शिकेल बाईनं वाचलं,” ते म्हणाले, “अन् नशीब फुटलं माह्या झाडाचं.” मग ते ताडपत्रीपाशी बसले आणि अख्खे दाणे एका बाजूला, भुकटी दुसऱ्या बाजूला करू लागले. जरा वेळाने सुनेला म्हणाले, अर्ध्याच्या वर दाणा साबूत आहे, तो न फोडता टाक. दसरा राहू दे. बहार उतरवला की मग फरक पाहू.

सुमनताईंनी वरवंटा उचलून घराकडे नेऊन ठेवला. मी पण दाणे वेचायला बसले. माझा वेग पाहून मामाजींनी माझ्यासमोरचा ढीग हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

गळलेली फळं परत लागणार नाहीत, हे मी तिथे तिघांनाही ठाऊक असताना मोठ्याने बोलून दाखवलं. उगाच. जेवायला पातोडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता. एवढं झाल्यावर या घरी जेवावं का, यावर मी विचार करत बसले, तोवर ताईंनी ताट वाढलंसुद्धा. पातोडी म्हणजे बेसनाच्या वड्या झणझणीत रश्श्यात. काटोलच्या बाजूला कुणी आग्रह केला तर नाही म्हणू नका, आणि त्यांच्या झाडाची पानं पिवळी करून जाऊ नका.

काळीपिवळीपर्यंत सोडायला सुमनताई आल्या. पत्रक अजून त्यांच्या हातातच होतं, घडी घालायची राहिली होती.

“ताई, पुढच्या डावाले लिवशीन त आधी मले इचारजो,” त्या म्हणाल्या. “तुले शब्द सांगतो न मी.”

आता आपण उलटे जातोय म्हणून परतीच्या गाडीत मी पुन्हा उजवीकडेच बसले, आणि संध्याकाळचं ऊन अर्थातच तिकडूनच आलं, कारण तोवर सूर्यानेही बाजू बदललेली असते, किंवा मी कुठेही बसले तरी असंच होतं. नीलेशला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला की हे पोतं आणखी चार गावांत गेलंय, त्या सगळ्यांना तो आज रात्रीच फोन करतो. आणि नवं पत्रक सोमवारी दुपारपर्यंत जरीपटक्याच्या छापखान्यात पोचलं पाहिजे.

फोटो एकही काढला नाही. सोबत आणलेलं एकच, मामाजींनी ताडपत्रीवर ठेवलेलं ते हिरवं संत्रं. निघताना ते माझ्या पिशवीत कुणी टाकलं, मला माहीत नाही. आता टेबलावर आहे, पत्रकाच्या कच्च्या कागदावर वजन म्हणून. सकाळपासून मी चौथ्या ओळीसाठी चार शब्द लिहून खोडले. चारही मला आवडले होते, म्हणूनच खोडले.

उद्या: छापायला देण्याआधी चौथी ओळ सुमनताईंना फोनवर वाचून दाखवायची, आणि त्या सांगतील तो शब्द लिहायचा.