पिल्लाच्या जटा

माझ्या धाकट्या भावाला कोणतीही वस्तू घेताना ती चारचौघांत कशी दिसेल एवढंच कळतं. राजुऱ्याला त्यानं घर बांधलं, तेव्हा फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवले. सिंहांचे चेहरे अपचन झाल्यासारखे आहेत, पण ते त्याला दिसत नाही. मग त्याला वाटलं, सिंह आहेत तर एक जिवंत जनावरही असावं. नागपूरहून त्यानं कुत्र्याचं पिल्लू आणलं. पांढरंशुभ्र, लांब रेशमी केसांचं, डोळ्यांवर झुलपं आलेलं.

"कोणत्या जातीचं हाय?" मी विचारलं.

"फारेनची जात हाय बाई," तो म्हणाला. पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे मे महिन्यात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून सावलीला बसतात. त्यात भावाचे टिप्पर कोळसा वाहतात आणि घराला लागूनच टिप्पर उभे करायचं आवार आहे. अंगणात वाळत घातलेला पांढरा सदरा दुपारपर्यंत राखाडी होतो. अशा ठिकाणी पांढरं, केसाळ पिल्लू आणायचं तर माणसाला डोकं असून चालत नाही.

पिल्लू आठवड्याभरात राखाडी झालं. भावानं त्याला धुवायचं ठरवलं. मी त्या दिवशी तिथंच होते आणि गप्प होते, हे आधीच सांगून टाकते.

टिप्परची चाकं धुवायला त्याच्याकडे जोराच्या धारेचा पंप आहे. चाकात घट्ट बसलेला चिखल त्या धारेनं उडून जातो. तो पंप त्यानं सुरू केला. माझ्या भावजयीला सांगितलं, "धरून ठेव." तिनं पिल्लाचे पुढचे दोन पाय धरले. धार लागली तसं ते पिल्लू जे ओरडलं, तो आवाज कुत्र्याचा नव्हताच. भाऊ हसत होता. एका हातात पंप, दुसऱ्या हातात मोबाइल. व्हिडिओ काढत होता. पिल्लू पांढरं झालं आणि भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन थरथरत बसलं. "पाहा, कसं चकचकीत झालं," भाऊ म्हणाला. मी चहा प्याले आणि बसनं गोंडपिपरीला परत आले.

नंतर त्यानं त्याला चंद्रपूरच्या एका पार्लरमध्ये नेलं. तिथं टेबलाला लोखंडी दांडा होता आणि दांड्याला फास. तोंडाला जाळी बांधून, गळ्यात फास अडकवून गरम हवेचं मशीन चालवलं. पिल्लानं एवढी झटापट केली, की पार्लरवाल्यानं निम्मं डोकं भादरून काम सोडून दिलं. तेव्हापासून टॉवेल दिसला तरी पिल्लू सोफ्याखाली. कुणी पाठीला हात लावला, की दात. एक दिवस ते भावजयीच्या बोटाला चावलं. जखम फार नव्हती, पण भावाचा निकाल तयार होता.

"येडं निघालं बाई," त्यानं फोनवर सांगितलं. "जंगलाच्या रस्त्यानं सोडून येतो. एकाध्या बिबट्याचं पोट भरंल."

"मले आणून दे," मी म्हटलं.

मला पिल्लाची कीव आली असं कुणी समजू नये. मला भावाची घृणा आली होती, आणि त्याच्या तोंडावर मारायला काहीतरी हवं होतं.

मी निवृत्त नर्स. नोकरीची बरीच वर्षं गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गेली, शेवटची गोंडपिपरीत. इथंच दोन खोल्या बांधून एकटी राहते. पिल्लू आलं ते थेट माझ्या पलंगाखाली गेलं. तीन दिवस बाहेर आलं नाही. मी झोपले की खाऊन जायचं. खोलीला ओलसर, कुबट वास यायला लागला. केसांच्या जटा झाल्या होत्या. कानामागं, काखेत, मांड्यांच्या आत केस दोरखंडासारखे वळले होते, आणि ते चालायचं तेव्हा कातडी ओढली जायची. कानात गोचिड. नखं इतकी वाढलेली, की फरशीवर टिकटिक वाजायची.

चौथ्या दिवशी मी पदर खोचला. म्हटलं, बत्तीस वर्षं लोकांची पोरं धरून सुया टोचल्या, हे काय, दीड वितीचं जनावर. पलंगाखालून ओढून काढलं, टॉवेलमध्ये गच्च गुंडाळलं, गुडघ्याखाली दाबलं आणि कात्री घेतली. आधी ते किंचाळलं. मग माझ्या पायावर मुतलं. मग अचानक गप्प झालं. अंग लाकडासारखं ताठ, डोळे एका बाजूला फिरलेले. मी दोन जटा कापल्या. तिसऱ्या जटेबरोबर कातडीचा टवका निघाला, रक्त आलं, आणि ते हूं की चूं करेना.

ते गप्प होणं माझ्या ओळखीचं होतं. शेकडो पोरं माझ्या हाताखाली अशी गप्प झाली होती. आम्ही त्याला 'शांत झाला' म्हणायचो आणि रजिस्टरमध्ये पुढचं नाव वाचायचो.

मी टॉवेल सोडला. पिल्लू फरपटत पलंगाखाली गेलं. भावाच्या हातात पंप होता, माझ्या हातात कात्री, एवढाच फरक. त्यानं निदान शिक्षण तरी घेतलेलं नव्हतं.

एटापल्लीकडे एका आरोग्य केंद्रात एक माडिया आदिवासी परिचर बाई होती. लसीकरणाच्या दिवशी पोर रडायला लागलं, की ती त्याच्यासमोर जमिनीवर बसायची. सुई नसलेली सिरिंज त्याच्या हातात द्यायची, आपल्याच दंडावर टोचल्यासारखं करायची, मग त्याच्या बाहुलीला, मग त्याला. एका पोरामागं पाव तास. मी तिला बावळट समजायचे. बाहेर रांग लागलेली असायची.

"चल, धर त्याला," मी ओरडायचे.

"पाहू दे ना, बाई. मग टोच," ती म्हणायची. तिच्या मराठीत अहो-जाहो नव्हतं. मला तेही खटकायचं.

शेवटी मी डॉक्टरांना सांगून तिला त्या खोलीतून काढलं आणि चादरी धुवायला लावलं. तिनं काही तक्रार केली नाही. तिच्या तक्रार न करण्याचाही मला तेव्हा तिटकारा आला होता.

आता पलंगासमोर फरशीवर बसले तेव्हा तीच आठवली. तिच्याकडून शिकायला मला एवढी वर्षं आणि एक कुत्रं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी फणी पिल्लाच्या ताटलीशेजारी ठेवू लागले. काही करायचं नाही, नुसती ठेवायची. शेजारी उकडलेल्या कलेजीचे बारीक तुकडे. दोन दिवस त्यानं कलेजीही सोडली, पण फणीजवळ आलं नाही. तिसऱ्या दिवशी मान लांब करून एक तुकडा ओढला. मग मी फणी हातात धरून बसू लागले. तिचं टोक त्यानं हुंगलं, की एक तुकडा. असे आठ-दहा दिवस गेले. मग फणीची उलटी बाजू खांद्याला एकदा टेकवायची आणि लगेच काढायची. त्यानं मान वळवली किंवा घाबरून ओठ चाटले, की हात मागं. जबरदस्ती नाही. मला जबरदस्तीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, त्यामुळे हात मागं घेताना मला अक्षरशः घाम फुटायचा.

शेजारी निवृत्त मास्तर राहतात. दिवसभर ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या घरात पाहणं हा त्यांचा सध्याचा व्यवसाय. त्यांनी कुंपणावरून विचारलं, "काऊन नर्सबाई, कुत्र्याले फणी करून राह्यल्या का?"

"हो."

"माणसाच्या लेकरायले कोणी एवढं करत नाई."

"तुम्ही त केलंच नाई," मी म्हटलं. त्यांची छडी गावात अजून लोकांना आठवते. मास्तर चार दिवस ओट्यावर दिसले नाहीत. फार बरं वाटलं.

जटांचं मात्र माझ्या एकटीच्यानं होईना. पशुदवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना घरी बोलावलं. त्या वयानं माझ्या निम्म्या. आल्या, पिल्लाकडे पाठ करून फरशीवर बसल्या आणि माझ्याशीच बोलत राहिल्या. पिल्लानं मागून येऊन त्यांची ओढणी हुंगली. त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही.

"कात्री लावू नका," त्या म्हणाल्या. "जटेसोबत चामडी वर येते, तुम्ही कापलीच असंल एखाद्या वेळी. खोबऱ्याचं तेल लावा अन् बोटानं सोडवा. एका दिवशी एक जट. जास्त नाई."

तुम्ही कापलीच असेल, हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की मला खोटं बोलायला जागा उरली नाही. "कापली," मी म्हटलं. गोचिडासाठी औषध देऊन त्या गेल्या. चहालाही थांबल्या नाहीत. अख्ख्या प्रकरणात ज्यांच्याविषयी मला वाईट बोलता येणार नाही, अशा त्या एकट्याच.

एका दिवशी एक जट. तेलात बोटं बुडवून मी केस न् केस वेगळा करायचे. पिल्लू आधी उभं राहायचं, मग बसायला लागलं, मग एका दुपारी त्यानं हनुवटी माझ्या घोट्यावर ठेवली आणि त्याला डुलकी लागली. पाय आखडला तरी मी तासभर हलले नाही. नखांसाठी मी आधी नेलकटरनं आगकाड्या तोडायचे, आवाजाची सवय व्हावी म्हणून. कट्, कलेजीचा एक तुकडा. कट्, एक तुकडा. मग एका नखाचं नुसतं टोक. त्या दिवशी तेवढंच. पावसाळा सरताना धानाच्या बांधावरची कुसळं त्याच्या पंजात रुतू लागली, तेव्हा ते आपणहून पंजा पुढं करू लागलं होतं.

दिवाळीनंतर भाऊ आला. दारातच थांबला. पिल्लू आता मोठं, पांढरं, केस मोकळे.

"बाई, तू त कमालच केली! हे आपलंच कुत्रं हाय का?"

'आपलं' म्हणताना त्याला काहीही वाटलं नाही. पुढं म्हणाला, घरी वास्तूच्या वाढदिवसाला मोठे साहेब लोक येणार आहेत, तेव्हा घेऊन जातो. घराचा वाढदिवस! सिंहांना फुगे बांधणार असेल.

"ने," मी म्हटलं. "पण आधी इथी बसून त्याले फणी करून दाखव. जमलं त ने."

"हे काय काम हाय?" म्हणत तो पांढऱ्या पँटमध्ये फरशीवर बसला. फणी घेऊन त्यानं सरळ पिल्लाच्या पाठीवरून ओढली. पिल्लू ताठ झालं. डोळे एका बाजूला फिरले.

"पाहा, शांत झालं," भाऊ म्हणाला.

मी त्याच्या हातातून फणी काढून घेतली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो बोलत बोलत अंगणात गेला आणि पिल्लू पलंगाखाली. फोन संपल्यावर त्यानं आत न येताच सांगितलं, "राहू दे बाई, तुलेच राहू दे. मी दुसरं पाहतो. हे थोडं कमजोर डोक्याचं हाय."

पुढच्या पंधरवड्यात त्यानं दुसरं आणलं. बर्फात गाडी ओढणारी जात. राजुऱ्यात.

पुढच्याच महिन्यात एका रविवारी भावजय एकटीच आली, एसटीनं. तिला मी नवऱ्याच्या मागं मान हलवणारी बाई यापेक्षा जास्त कधी समजले नाही. तिनं चप्पल काढली, पिशवी ठेवली आणि काही न विचारता भिंतीला टेकून फरशीवर बसली. हात उताणा करून जमिनीवर ठेवला. पिल्लू लांबूनच तिच्याकडे पाहत राहिलं.

"मीच धरले होते पाय," ती म्हणाली. "सोडले असते त मलेच बोलले असते ते. म्हणून नाई सोडले."

तिला धीर द्यावा असं मला वाटलं नाही. मी म्हटलं, "मी पण पाहत होतो ना तिथी."

पिल्लू उठलं, तिच्या हातापर्यंत आलं, हुंगलं आणि परत जाऊन आपल्या जागी बसलं. तिनं बोटसुद्धा हलवलं नाही. भावाला जे जन्मात जमणार नाही, ते तिनं कुणी न शिकवता केलं, हे मला मान्य करावं लागलं, आणि ते मान्य करताना मला मुळीच आनंद झाला नाही.

तेव्हापासून ती महिन्यातून एकदा येते. नवऱ्याला सांगते, बाईचे गुडघे दुखतात. माझे गुडघे ठणठणीत आहेत. गेल्या खेपेला पिल्लानं तिच्या मांडीवर पंजा ठेवला. मी नेलकटर तिच्या हातात दिलं. तिनं एक नख कापलं, फक्त टोक, आणि मग थांबली.

"अजून एक कापू का?" तिनं विचारलं.

"मले काय विचारतं?" मी म्हटलं. "त्याले विचार."

तिनं खरंच खाली वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.